घरटी एक माणूस

जनीकाकी कुणाच्याही घरी गेली की उंबऱ्यातच थबकायची आणि दाराशी काढलेल्या चपला मोजायची. मग आत येऊन म्हणायची, "चार मानसं हाईत घरात. एक माझं." लावणीच्या दिवसांत तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

पनवेलजवळच्या आमच्या गावात भाताची लावणी सावडीने व्हायची. आज सगळ्यांनी तुमच्या शेतात उतरायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, घरटी एक माणूस द्यायचा. कुणाचं शेत आधी, हे काकी ठरवायची. पाणी लवकर ओसरतं ते शेत पहिलं, मग ते भाऊबंदाचं असो की भांडखोर शेजाऱ्याचं. कुणाची कंबर धरली असेल तर तिला बांधावर बसवून रोपांच्या मुठी बांधायला लावी. बारावीत असताना मी पुस्तक घेऊन माळ्यावर लपले, तर हाताला धरून खाली उतरवलं. "पैसा शेतात वाकत नाय गो, मानूस वाकतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. तेव्हा मला तिचा फार राग यायचा.

पुढे जमिनी गेल्या, आम्ही नोकऱ्यांना लागलो. मजुरीवर येणाऱ्या बायकाही कळंबोलीच्या गोदामांत जाऊ लागल्या, आणि त्यांचं तरी काय चुकलं? तिथे डोक्यावर छप्पर असतं. काकीचं एकच शेत उरलं. गेल्या वर्षी ती खांदा कॉलनीत माझ्याकडे तीन जिने चढून आली. "रविवारी लावणी हाय. रोप लांबलंय, आता थांबायचं नाय. आठ मानसं पायजेत. येशील?"

"येते की काकी!" मी म्हटलं. तिच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? तिने विचारलेल्या आठही जणांनी तेच केलं. रविवारी मी शाळेच्या वह्या तपासत बसले. बाकीचे सात आहेतच, अशी मनाची समजूत घातली. त्या सातांनीही तशीच घातली.

मंगळवारी मी काकीकडे गेले. आमच्या भरवशावर काकीने शनिवारीच सगळं रोप उपटून ठेवलं होतं. दोन दिवस एकटीने वाकून तिने जेमतेम एक पट्टा लावला; बाकीच्या मुठी बांधावर पिवळ्या पडल्या होत्या. ती रागावली नाही. चहा दिला आणि म्हणाली, "नाय बोलली असतीस तर बरं झालं असतं गो. मी रोप उपटलं नसतं." इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

भात पिकायच्या सुमारास काकी गेली, झोपेतच. आम्ही आठही जण रजा टाकून आलो. दहाव्याला उरणला दिलेली तिची लेक शोभा म्हणाली, "आयनं लावलेला पट्टा पिकलाय. रविवारी कापायला कोन कोन येतं?"

"येतो गं," एकेक जण म्हणू लागला.

मी शोभाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "कापणीच्या मशीनवाल्याला आजच सांग. आमच्यातलं कुणी येणार नाही."