डोळ्याकडची कडी

रामदास गेल्याचा निरोप पारोळ्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने आणला. मी तेव्हा बदलीवर धुळ्यात होतो. कंडक्टर आमचाच जुना विद्यार्थी. शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवून तो खाली उतरला आणि म्हणाला, "सर, तुमना दोस्त गया." साखरेने आधी त्याचे डोळे खाल्ले, मग बाकीचं. हे होणार हे ठाऊक होतं, पण ठाऊक असल्याने काडीचाही फरक पडला नाही.

पारोळ्याच्या शाळेत तो पीटी शिकवायचा, मी गणित. त्याला वेड एकच, रायफलीचं. परवान्याची छोटी रायफल आणि तिच्यावरची दुर्बीण. एकदा तरी राज्याच्या स्पर्धेत उतरायचं, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं. रविवारी मला फटफटीवर मागे बसवून तो सोनगीरजवळच्या क्लबच्या चांदमारीवर न्यायचा. मला गोळीबारात काडीचा रस नव्हता, पण त्याची ती तयारी बघत बसायला आवडायचं. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची, मागचा बोल्ट काढून रिकाम्या नळीतूनच निशाण बघायचं, मग दुर्बिणीवरच्या चकत्या फिरवून तिच्यातली फुली त्याच ठिकाणी आणायची. त्याही आधी डोळ्याकडची कडी. दुर्बीण आभाळाकडे धरून फुली काळी, रेखीव दिसेपर्यंत ती कडी फिरवायची. आणि टक लावायची नाही, नजर वळवून एकदम बघायचं. "टक लाई का डोया खोटं बोलस," तो म्हणायचा. मी चिडवायचो, लग्नाआधी वहिनींकडेही इतकं बारकाईने पाहिलं नसशील! पाहिलं असतं तर वाचलो नसतो का, असं म्हणून तो पुन्हा कडीला लागायचा.

स्पर्धेला त्याचं नाव गेलं त्याच हिवाळ्यात गोळ्या भरकटायला लागल्या. त्याने स्क्रू आवळले, दुर्बीण उतरवून पुन्हा बसवली, खाली कागदाच्या पट्ट्या घातल्या, विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी वैतागून मला म्हणाला, तू मार. कडी फिरवून माझ्या डोळ्याला जुळवली, मग मी पिशवीवर रायफल टेकवली आणि तीन गोळ्या झाडल्या. जन्मात कशाला नेम न लागलेला मी... तिन्ही भोकं मधोमध, एकमेकांना खेटून. त्याने तो कागद नाकाशी नेला, लांब धरला, पुन्हा नाकाशी नेला.

"दुर्बीण नई बिघडनी," तो हळूच म्हणाला, "मना डोया बिघडना."

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मागचा पडदा गेला आहे, हे चष्म्याचं काम नाही. स्पर्धा त्याच्याशिवाय पार पडली. तरी रोज संध्याकाळी तो ओट्यावर दुर्बीण घेऊन बसायचा आणि कडी थोडी थोडी पुढे सरकवायचा. भेटायला गेलो की मला राग यायचा. "अरे, पडद्याला ही कडी काय करणार? ठेव ती आता!"

"आजून थोडी जागा शे," तो म्हणायचा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पारोळ्याला गेलो. रायफल पोलिसांकडे जमा झाली होती. दुर्बिणीला परवाना लागत नाही, म्हणून ती कोनाड्यात होती, कापडात गुंडाळलेली. वहिनींनी ती माझ्या हातात दिली. मी ओट्यावर येऊन समोरच्या कडुनिंबाकडे धरली. नुसतं हिरवं-करडं गढूळ. झाड नाही, फुली नाही. सवयीने बोटं कडीवर गेली. पुढे फिरवून बघितली. हलली नाही. ती शेवटाला जाऊन घट्ट बसली होती.

मागे फिरवली असती तर मला सगळं स्पष्ट दिसलं असतं. पण बोटं वळली नाहीत ती उलट्या बाजूला.

"दिसस का काही?" वहिनींनी दारातून विचारलं.

"नाही, वहिनी," मी म्हणालो, आणि दुर्बीण होती तशी कापडात गुंडाळून ठेवली.