बाबाच्या आवाजात केलेला फोन

देवाले मी तीन वर्षं शिव्या देल्या. साध्या नाई, आवाज काढून. कधी आमच्या गनिताच्या मास्तरच्या नाकातल्या आवाजात, कधी मालेगावच्या एसटीच्या कंडक्टरसारख्या, "सरका पुढं, सरका, जागा हाये!" असं म्हनत. मले कोनाचाही आवाज काढता येते. कारंज्याच्या शाळेत त्याच्यापायी मार खाल्ला अन् त्याच्यापायीच सारं गाव मले ओळखते. लोक हासत, मीही हासो. पन आतून जळून राह्यलो होतो, कारन माही ताई तीन वर्षं घरी आली नोयती. आली नोयती म्हनजे बाबानं येऊ देलं नोयतं.

तिनं किन्हीराजाच्या एका मास्तरशी लग्न केलं. पोरगा शिकलेला, निर्व्यसनी, बौद्ध घरचा. बाबानं एवढंच सांगतलं, "मंग ह्या उंबऱ्यात पाय ठेवू नोको." आता हे दुसऱ्या कोन्या घरात झालं असतं त मी गप बसलो असतो. पन आमचं घर महानुभाव पंथाचं. आमच्या इथं नवस नाई, कोंबडं-बकरं नाई, अंगारा-धुपारा नाई. राम राम म्हनत नाई आमी, दंडवत म्हनतो. अन् बाबा सोता दर आठवड्याले पोथी वाचून समजावून सांगतेत का स्वामीनं जात पाह्यली नाई, कोनाच्याही दारचं अन्न घेतलं. सांगताना त्यायच्या डोळ्यात पानी येते. पोथीतले सारे सारखे, अन् पोरीनं त्यातलाच एक निवडला तं बाबाले जात दिसली! मले ते पानी पाहून इतका घुस्सा ये का उठून निंघून जावं.

दिवाळीले आमच्या घरी फटाके नसतेत, लक्ष्मीपूजनही नसते. बाहेरगावी गेलेलं घरचं सारं मानूस त्या दिवशी परत येते अन् अर्धा तास आमी स्मरणाले बसतो. हातात गाठी, म्हनजे आमची जपमाळ, डोळे बंद, तोंडातून शब्द नाई. त्या अर्ध्या तासात कोनी उठाचं नाई, कोनी बोलाचं नाई. मंग घरातल्या सगळ्यात मोठ्या मानसानं सगळ्यात लहानाले आधी दंडवत घालाचं, पार जमिनीवर आडवं होऊन. मंग बाकीच्यायनं एकमेकायले. हे माह्या आज्यानं सुरू केलं. तो म्हने, सनाच्या दिवशी मोठेपना चपलेसंगं बाहीर ठेवा.

बावीस वर्षं घरातला लहान मीच. लहानपनी बाबा माह्यापुढं आडवे झाले का मी महंताच्या आवाजात "कल्यान असो" म्हनो अन् आईची चापट खाओ. पन ताई गेल्यावर तो दंडवत मले बोचाले लागला. माह्यासारख्या टवाळापुढं हा मानूस कपाळ टेकवते, अन् पोरीपुढं याची मान मोडत नाई!

यंदा दिवाळीच्या आठ दिवस आधी माहं डोस्कं फिरलं. बाबाचा फोन ओसरीत चार्जिंगले लावेल होता. तो उचलला, गुरायच्या कोठ्याच्या मांगं गेलो अन् ताईले लावला. अन् बाबाच्या आवाजात, थांबून-थांबून, म्हनलं, "ये माय. दिवाळीले ये. जवायाले, पोट्टीले घेऊन ये. ताट गार होऊन राह्यलं."

तिकून ताई एवढंच म्हनली, "हो बाबा."

फोन परत ओसरीत चार्जिंगले लावला. मले वाटलं होतं ती ओळखन, "भैताडा, नाटकं करतं का?" म्हनून शिव्या देईन. तिनं ओळखलं नाई. तीन वर्षं ज्या बोलावन्याची वाट पाह्यली ते आलं असं समजून ती पिशवी भरत असन. तिले खरं सांगतलं त ती मोडन, बाबाले सांगतलं त ते पेटतीन. मी कोनालेच सांगतलं नाई. त्याच हप्त्यात बाबानं दारातला डुगडुगता दगड सिमिट लावून पक्का बसवला, दोन डाव पानी मारलं. मले अजून राग आला. पोरीले ज्या दारात उभं करत नाई, त्याचा दगड कोनासाठी पक्का करून राह्यले?

दिवाळीच्या दिवशी पुन्याहून काका-काकू आले. अकरा वाजता आमी बसलो. बाबानं गाठी हातात घेतली अन् तेवढ्यात दारात ताई. मांगं भाऊजी, ताईच्या कडेवर दहा महिन्याची पोट्टी, लाल झबल्यात. बाबानं एकडाव पाह्यलं अन् डोळे मिटून घेतले. स्मरण सुरू झालं. आता कोनी उठू शकत नोयतं. अन् ताई त्या नव्यानं बसवलेल्या दगडावर उभी, उंबऱ्याच्या बाहीर.

माह्या जल्मात मी इतका चिडलो नोयतो. मनात म्हनलं, देवा, तू हायेस का नाईस? मी माह्या तोंडानं खोटं बोललो, आता तू तुह्या तोंडानं एक तरी खरं बोल. नाईतं आजपासून तुहं-माहं सरलं. मंग ठरवलं, नेम मोडू, वरडून सांगू का फोन मी केला होता. तोंड उघडलं. आवाजच निंघाला नाई. ज्याच्यापाशी साऱ्या गावाचे आवाज, त्याच्यापाशी त्या टायमाले सोताचा एक नोयता. मी तसाच, तोंड उघडं ठेवून बसलो. अन् पयल्यांदा, बसल्या ठिकानी, मी काहीच करनं सोडून देलं.

अर्धा तास सरत आला. ताईचा हात भरून आला असन, तिनं पोट्टीले खाली ठेवलं. पोट्टी जराशी डुलली अन् रांगाले लागली. उंबरा ओलांडला. काकाच्या बाजूनं, माह्या गुडघ्याले घासून, थेट बाबापाशी गेली अन् गाठीचं लोंबतं टोक मुठीत धरून ओढलं. ताई आजही सांगते का त्या दिवसापर्यंत ती रांगत नोयती, पोटावर नुसती डुले. मी त्याच्यावर वाद घालत नाई. मी पाह्यलं तेवढं सांगतो.

बाबानं डोळे उघडले. पोट्टीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. मी गुमान बाजूले सरकलो. घरातला लहान आता मी नोयतो. बाबा हळूच उठले अन् तिच्यापुढं आडवे झाले, कपाळ जमिनीले टेकवून. तिनं त्यायच्या टकलावर दोन थापा मारल्या. काका फिसकन हासला. बाबा मात्र उठेच ना. त्यायची पाठ हलून राह्यली होती.

ताई दारातूनच म्हनली, "बाबा, तुमचा फोन आला म्हनून आली मी."

आता माहं सोंग उघडं पडनार होतं. कारन हा मानूस खोटं बोलत नाई. लहानपनी मी तापाचं सोंग घेतलं त शाळेत जाऊन मास्तरले सांगून आला होता का ताप खोटा हाये.

बाबा उठून बसले. म्हनले, "हो माय. मीच बोलावलं. ये आत. ताट गार होऊन राह्यलं."

माहेच शब्द. मी कोनालेच सांगतलेले नोयते.

मंग ताई आत आली, आई धावली, रडारड झाली. भाऊजी "जय भीम, बाबा" म्हनून वाकले, त्याच टायमाले बाबा "दंडवत" म्हनून वाकले, अन् दोघायचं डोस्कं आपटलं. आई डोळे पुसत खेकसली, "आता पुऱ्या खाता का दिवसभर डोस्केच आपटता?"

जेवताना बाबा माह्या बाजूले बसले. हळूच म्हनले, "त्या दिवशी मी कोठ्यात चारा टाकून राह्यलो होतो. बोलाच्या आधी मी खोकलतो. तू ते इसरला."

माहा घास हातातच राह्यला. म्हनजे आठ दिवस यायले माहीत होतं! तो दगड! राग पुन्हा डोस्क्यात गेला. मी म्हनलं, "मंग अर्धा तास तिले बाहीर काहून उभं ठेवलं?"

ते ताटाकडं पाहून म्हनले, "डोळे उघडाची हिंमत नोयती, बेटा."

खरं सांगतो, माहा राग अजून गेला नाई. तीन वर्षं तीन वर्षंच असतेत, ताई एकटी बाळंत झाली ते कोनी भरून देत नाई. पन देवाशी माहं भांडन सरलं. त्या दिवशी त्याच्यापुढं हात टेकले त त्यानं रांगतं उत्तर पाठवलं, अन् मी त्याले मनातून दंडवत घातला. आवाज माहा होता, बोलावनं बाबाचं होतं, का दोघायचंही नोयतं, हे मी इचारत नाई आता. गावात आजही सगळ्यायचे आवाज काढतो. बाबाचा तेवढा काढत नाई. तो ज्याचा होता, त्याले परत देल्ला.