मंजूचं जहाज आणि एक जानेवारी

दौलतसिंग राठोडच्या मंजूनं समुद्रात एक जहाज पकडून ठेवलंय आणि ती ते सोडत नाही, अशी बातमी मे महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी आमच्या मानोऱ्यात फिरत होती. बसस्टँडवर पोचेपर्यंत त्या जहाजात सोनं भरलं गेलं होतं. बातमी दिग्रसच्या बसमध्ये चढली तेव्हा तर मंजूला न्यायला पोलिसांची गाडी आली होती.

आता खरं काय ते सांगतो. जहाजात सोनं नव्हतं, पोटॅश होतं. आपण कपाशीला टाकतो ते लाल खत, आणि तेही सगळं उतरवून झालेलं. गाडी आली होती ती गॅस सिलिंडरवाल्याची. आणि मंजूनं जहाज पकडलेलं नव्हतं. तिच्या हातून झालेल्या एका चुकीनं ते अडकलं होतं आणि ते सोडवायला तीच जिवाच्या आकांतानं भिडली होती. बातमी एवढी कशी फुगली ते मला विचारू नका. माझी पिठाची चक्की आणि तिची खोली यांच्यात एकच भिंत आहे. दळण घेऊन बसलेल्या बायांना मी फक्त दोन वाक्यं सांगितली होती. फार तर तीन.

मंजू सत्तावीस वर्षांची. तिचा बंजाऱ्यांचा तांडा इथून सहा किलोमीटरवर. आई ललिताबाई आणि बाप दौलतसिंग दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, चार-पाच महिने घराला कुलूप. पोरगी मात्र शिकली. बी.कॉम. केलं, मग नवी मुंबईत जहाजांच्या एजंटाच्या हापिसात दोन वर्षं काढली. यंदा मार्च लागताच परत आली, माझ्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, टेबल लावलं, इंटरनेटची तार ओढली आणि त्याच हापिसाचं काम सुरू. समुद्र इथून पाचशे-सहाशे किलोमीटर. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काहून व मंजे, अडाण नदीत जहाज येऊन राह्यलं का?"

"येते ना," ती म्हणाली. "तुमी चक्की बंद ठेवली का धक्क्याले लागते."

तेव्हापासून आमचं जमलं.

तिचं काम मला समजायला महिना लागला, तुम्हाला मी चार ओळींत सांगतो. परदेशी जहाज बंदरात शिरतं ते आपली एसटी फलाटाला लागते तसं नाही. यायच्या कितीतरी दिवस आधी कळवावं लागतं. जहाजावर कोण कोण आहे, याआधीच्या दहा बंदरांत कुठं कुठं थांबलं, कोणी आजारी आहे का, पोटात माल काय, कोठीत दारू-सिगारेट किती. निघताना पुन्हा तेच रामायण. बंदराचा हिशेब मिटला, दीपगृहाचा आकार भरला, कस्टमवाले राजी, माणसं तपासणारे इमिग्रेशनवाले राजी, तेव्हा कुठं निघायची परवानगी. ती नसेल तर बंदराचा वाटाड्या, ज्याला ते लोक पायलट म्हणतात, शिडीवर पाय ठेवत नाही. आणि पायलटशिवाय जहाज हलत नाही. हे सगळे कागद मंजू इथून बनवायची. तिकडं बंदरावर निकिता नावाची तिच्याच हापिसातली पोरगी ते हातात घेऊन धावायची.

पण एक मेख होती. मानोऱ्यातून हे काम झेपतं का, याची नवी मुंबईच्या साहेबानं तीन महिन्यांची परीक्षा लावली होती. तो म्हणाला होता, "कागद चुकला तर दुरुस्त करता येतो. भरती चुकली तर जहाज जात नाही. भरती चुकवलीस तर तू परत इकडे." परत तिकडे गेली असती तर तिचा अर्धा पगार खोलीभाड्यातच गेला असता, आणि दिवाळीनंतर ललिताबाईनं पुन्हा कोयता उचलला असता. ललिताबाईनं कोयता माळ्यावर टाकला होता. तो खाली काढायचा नाही, एवढ्यासाठी मंजूचा सगळा आटापिटा.

तर तो मंगळवार. त्या आठवड्यात परीक्षा संपायची होती. जहाजाचं नाव 'सेलेस्टिना'. संध्याकाळी चार चाळीसला भरती पूर्ण होणार, तेवढ्या वेळातच तिथलं पाणी जहाजाला पुरतं. पायलट चारला तयार. बाहेर दुसरं जहाज हीच जागा मिळायची वाट पाहत नांगर टाकून उभं. पावणेदोनला भिंतीपलीकडून खुर्ची पडल्याचा आवाज आला. मी चक्कीचा पट्टा सोडून धावलो. मला काय, निमित्तच पाहिजे.

दारात ललिताबाई उभी, लेकीसाठी भाकर घेऊन तांड्यावरून आलेली. "भाऊ, पाहा ना, पोरगी रडत बी नाही अन् बोलत बी नाही."

मंजू उभ्यानंच स्क्रीनवरची यादी वर-खाली करत होती.

"काय झालं व?"

"काका, तारीख चुकली. माह्यीच चुकली."

झालं होतं असं. जहाजावरचे चार खलाशी या बंदरात उतरून घरी गेले आणि चार नवे चढले. नव्यांची यादी दुसऱ्या कंपनीकडून आली, मंजूनं ती निघायच्या यादीत भरली. त्यात दोघांची जन्मतारीख एक जानेवारी. तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं जहाजावर त्यातल्या एकाचा पासपोर्ट उघडला, तर तारीख निघाली सतरा ऑगस्ट. कंपनीच्या यादीत त्याच्या तारखेचा रकाना रिकामा राहिला होता आणि संगणकानं आपल्या मनानं एक जानेवारी टाकून दिली होती. अधिकारी म्हणाला, एक चुकलीय म्हणजे यादीच संशयाची. नवी करा, कॅप्टनची सही आणा, मग पाहू.

"पण तुले कसं दिसलं नाही?" मी विचारलं. "दोघं अन् दोघायची एकच तारीख!"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच खाली मान घातली. कारण मला ते लगेच समजलं. आमच्या शाळेच्या दाखल्यांत पाहा. पोरगं शाळेत घालायला नेलं, बापाला तारीख आठवत नाही, मास्तरांनी लिहून टाकली एक जून. तांड्यातली पोरं तर फडात, बैलगाडीखाली, कुठंही जन्मलेली. आख्खा वर्ग एक जूनचा. मंजूची एक जून, दौलतसिंगची एक जून, माझी एक जून, आणि आमच्या घरच्या कस्तुराबाईचीसुद्धा एक जून. साल वेगळं म्हणून, नाहीतर कागदावर आम्ही नवराबायको जुळे ठरलो असतो. एका यादीत दोनदा एकच तारीख पाहून शहरातल्या पोराला शंका आली असती. मंजूला ती यादी घरची वाटली.

"मंग आता?"

"आता तुमी चक्की बंद करा. व्होल्टेज पडून राह्यलं. अन् इथं उभं राहाचं असंन तं बोलू नका. नुसतं घड्याळ सांगा."

मी चक्की बंद केली. दळणाच्या रांगेत सात डबे होते. दुर्गाबाईनं आवाज चढवला, "काहून बंद केली वो भाऊ? पाव्हणे बसले हायेत माह्या घरी!"

"मंजूचं जहाज अडकलं," मी म्हणालो. (हे ते पहिलं वाक्य.) पाच मिनिटांत सगळ्या बाया मंजूच्या ओट्यावर.

सव्वादोन. फोनवर साहेब. मंजूनं तो मोठ्या आवाजात ठेवला, हात टाइप करायला मोकळे हवेत म्हणून.

"दोन्ही तारखा बदल," साहेब म्हणाला. "दोन्ही संगणकानं भरलेल्या आहेत, उघड आहे. पहिल्याची सतरा ऑगस्ट. दुसरा तो बांगलादेशचा. त्याच्या पासपोर्टची प्रत पुसट आहे, पण त्याच्या ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटवर चार मार्च दिसतंय. चार मार्च टाक आणि दहा मिनिटांत पाठव."

मंजूची बोटं थांबली. ओट्यावर दुर्गाबाई कुजबुजली, "टाक ना माय, साहेब म्हणते तं."

"सर," मंजू म्हणाली. फोनवर तिची भाषा एकदम इस्त्रीची होते. "मला वाटतं, दुसऱ्याची एक जानेवारी खरी आहे."

"वाटतं म्हणजे?"

"तो खेड्यातला आहे सर. त्याच्या गावाचं नाव आहे इथं. आमच्याकडे मास्तर एक जून लिहितात, त्यांच्याकडे एक जानेवारी लिहीत असतील. चार मार्च त्याच्या आईनं सांगितलेली असेल, खरीही असेल. पण पासपोर्ट शाळेच्या कागदावर बनतो. निकिताला वर पाठवा, मूळ पासपोर्ट पाहू द्या."

"मंजू, निकिता कस्टमच्या दारात उभी आहे. ती जहाजावर जाऊन येईपर्यंत अर्धा तास जाईल. आपल्याकडे अर्धा तास आहे का?"

"एकदा परत पाठवलेली यादी दुसऱ्यांदा चुकली तर नाहीच आहे, सर."

इकडं ललिताबाईनं पदर तोंडाशी धरलेला. मी भीतीनं घड्याळ सांगायचंच विसरलो.

"जाऊ दे तिला वर," साहेब म्हणाला. "पण हे तुझ्या जबाबदारीवर."

"हो सर."

आणि मग ती वाट पाहणं! मी लग्नाच्या मांडवात नवरीची वाट पाहिली आहे, दहावीच्या निकालाची पाहिली आहे, पण असली नाही. मंजू मात्र बसली नव्हती. तिनं यादीची नवी प्रत बनवून ठेवली, त्यात दुसऱ्याच्या तारखेची जागा मोकळी. कस्टमचा अर्ज उघडून ठेवला. बंदराच्या हापिसाला फोन करून पायलटचा वेळ पक्का करून घेतला. मी म्हणत होतो दोन पस्तीस, दोन चाळीस, दोन पंचेचाळीस. ती म्हणाली, "काका, मिनटामिनटाले नका सांगू ना."

दोन छप्पनला निकिताचा फोन. धापा टाकत होती, शिडी चढून गेलेली.

"मंजू! पासपोर्ट माझ्या हातात आहे. एक जानेवारी! आणि हा माणूस हसतोय गं. म्हणतोय, माझ्या गावात सगळे एक जानेवारीचे."

ओट्यावर असा कल्ला झाला की समोरचा पानवाला रस्ता ओलांडून आला. चार मार्च टाकली असती तर यादी दुसऱ्यांदा परत आली असती आणि भरती निघून गेली असती, हे दुर्गाबाईलासुद्धा कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुढचं सगळं धावतपळत. मंजूनं जागा भरली, यादी पाठवली, कॅप्टननं सही-शिक्का दिला. तीन एकोणतीसला निकिता इमिग्रेशनच्या खिडकीपाशी. अधिकारी चहा घेत होता. तीन पस्तीस, अजून चहाच घेत होता. त्या माणसाला मी मानोऱ्यातून जे काही म्हणालो ते इथं लिहिता येत नाही. तीन शेहेचाळीसला शिक्का पडला. मग कस्टमची निघायची परवानगी, चार वाजून सात मिनिटं. चार सतराला पायलट शिडीवर.

मंजूनं मग स्क्रीनवर नकाशा उघडला. निळा समुद्र, किनारा, त्यात लहान लहान रंगीत बाण. बाया एकमेकींच्या खांद्यावरून वाकल्या.

"कुठी हाय व जहाज?"

"हा हिरवा बाण."

"इतकुसं?" दुर्गाबाईचा विरस झाला.

"आपल्या बसस्टँडाच्या दीडपट लांब आहे मावशी."

चार एकतीसला शेवटचा दोर सुटला, असं निकितानं कळवलं. बाण हलेना. मग हळूच त्याचं टोक फिरलं, थोडं, आणखी थोडं, आणि तो किनाऱ्यापासून सुटला. ललिताबाईनं स्क्रीनवर हात ठेवून बाणाचीच अलाबला घेतली आणि कानशिलावर बोटं मोडली. पानवाल्यानं शिट्टी मारली. कस्तुराबाईनं घरून गूळ आणला. मी तर नाचलोच म्हणा, पिठानं भरलेल्या बनियनवर.

तेवढ्यात साहेबाचा फोन. मंजूनं तो पुन्हा मोठ्या आवाजात ठेवला.

"मंजू, पहिली तारीख न तपासता भरली ती चूक तुझी होती."

"हो सर."

"यापुढे प्रत्येक तारीख पासपोर्टवरून."

"हो सर."

"आणि दुसरी मी चुकवत होतो." तो पुढं म्हणाला, "बाहेर उभं असलेलं जहाज आता धक्क्याला लागतंय. त्याचे निघायचे कागदही तूच कर. तिथूनच. पुढेही तिथूनच. परीक्षा संपली."

फोन बंद झाला. ललिताबाईला निम्मं समजलं नव्हतं. मंजूनं तिला त्यांच्या गोरमाटी बोलीत दोन शब्दांत सांगितलं, तशी ती लुगड्यात तोंड घालून रडायला लागली. दौलतसिंग शेतातून आला तेव्हा त्याला वाटलं कोणी गेलं. मी म्हणालो, "गेलं ना, जहाज गेलं!" तो माझ्यावर धावून आला.

सगळं निवल्यावर बाया डबे घेऊन परत रांगेत बसल्या. मंजू खिडकीत उभी राहून पाणी पीत होती. एकामागून एक, तिसरा ग्लास. ते मी पाहिलं, आणि मला कुठं राहवतं.

"मंजे," मी म्हणालो, "साहेबासमोर मोठी वाघीण झाली होती. खरं सांग, भेली होती का नाही?"

ती म्हणाली, "भेली होती ना काका. पण मी भेत भेत काम करून राह्यली होती. तुमी तं नुसतेच भेले."