आईचे पाय

आई बंदराच्या गाळात पायांनी शिंपल्या शोधते, तिसऱ्या म्हणतात त्यांना. ओहोटीला घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून बोटांनी चाचपते, शिंपली लागली की वाकून उचलते. यंदा टोपली रिकामीच येते. मी चेष्टेत म्हटलं होतं, “आये, पाय म्हातारे झाले तुझे!” तेव्हापासून ती रोज पायांना खोबरेल चोळते.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. म्हणून तिला हौसेने कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं आणि तिच्याच पायाखालचा गाळ सूक्ष्मदर्शकातून दाखवला. डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात शंखासारखी घरं बांधून राहतात. बोटींचं तेल, गटारांचं पाणी, सगळं त्यांच्यावरच बसतं. घरं वाकडी झाली होती, बहुतेक रिकामी.

“एवढुशी घरं गो! आतली कुठं गेली?”

“मेली, आये. तिसऱ्याही तशाच गेल्या.”

मला जे एवढं शिकून भिंगातून दिसलं, ते तिच्या बोटांना कधीच कळलं होतं. मीच त्यांना खोटं पाडलं.

आईने चप्पल काढली, गार फरशीवर बोटं हलवून पाहिली.

“उगाच पायांना बोल लावला गो मी,” ती म्हणाली.

तिने कुठे, मी लावला होता.