वारं ठरंना

मी आज जो काही आहे तो हिंगोलीजवळच्या गोरेगावातल्या आमच्या गल्लीतल्या उपणणाऱ्या मावशींमुळे. खळ्यावर धान्य वाऱ्यावर सोडायच्या उंच तिवईवर चढण्याआधी त्या मूठभर भूस डोक्याच्या वर धरून हळूहळू सोडायच्या. भूस एका दिशेनं सरळ गेलं तरच चढायच्या. गिरक्या घेऊ लागलं की तिवईशेजारी बसकण मारायच्या आणि म्हणायच्या, "वारं ठरंना."

तुम्ही कधी खळं पाहिलं असेल तर तुम्हाला हे कळेल. वारं जोराचं चालतं, लहरी नको. नाहीतर भुसाबरोबर ज्वारीही उडते. एकदा खळ्याचा मालक चिडला, "दिवस चालला बाई. उद्यापासून येऊ नको."

"न्हाई येत," म्हणत मावशींनी पानाची चंची सोडली. दुसऱ्या दिवशी त्यानंच बोलावणं धाडलं.

माझी बी.एस्सी.ची परीक्षा नेमकी सुगीत आली. आईला मी खळ्यावर हवा होतो. मावशी तिला म्हणाल्या, "त्याच्या वाटचं मी उपणते. त्याला हिंगोलीला जाऊ दे." आमच्या घरातला पहिला पदवीधर असा झाला.

पुढे गरम हवेचे फुगे उडवणाऱ्या एका कंपनीत मला काम मिळालं. वारं बघून पायलटला खूण करायची आणि फुगा उतरेल तिथे जीप घेऊन पोहोचायचं. एका हिवाळ्यात आमचा फुगा हिंगोलीत आला. मी मावशींना मुद्दाम बोलावलं. सकाळी सातला उडायचं होतं. पाहुणे आले दहाला, ऊन तापून वारं फिरू लागल्यावर. मावशींनी मूठभर धूळ उचलून सोडली. धुळीनं गिरकी घेतली.

"बापू, वारं ठरंना."

मलाही दिसत होतं. पण कंपनीचे साहेब घड्याळ बघत होते आणि नोकरी नवी होती. मी 'चला' अशी खूण केली.

फुगा एका कापसाच्या शेतात उतरला. टोपली टेकताच एका पाहुण्यानं घाबरून बाहेर उडी मारली. हलकी झालेली टोपली पुन्हा पुरुषभर उचलली गेली, बांधावर आदळली आणि आडवी होऊन फरफटत गेली. पायलटचा पाय मोडला.

दवाखान्यात मावशी त्याला म्हणाल्या, "मी तिवईवरून दोनदा पडले, साहेब. जुळतंय हाड." तो दुखण्यातही हसला. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला दिसत होतं न्हवं?"

"व्हय."

"मंग काहून गप बसलास?"

मी नोकरीचं सांगितलं.

"मलाबी पोट होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

मावशी आता नाहीत. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या अपघातानंतर दोन वर्षांनी मी पाठवलेलं पत्र त्या नातीकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायच्या. नातीनं ते मला परत दिलं, तेव्हा घडीवर फाटलं होतं.

"मावशी,

मंगळवारी वारं ठरेना. मी खूण केली नाही. साहेब म्हणाले, 'उद्यापासून येऊ नको.' मी म्हणालो, 'नाही येत.' माझ्याकडे चंची नव्हती, म्हणून नुसताच खाली बसलो. तुम्ही पाहिलेला तोच पायलट होता. त्यानं माझ्याकडे बघून बर्नर बंद केला.

साहेबांचं बोलावणं अजून आलेलं नाही. नाही आलं तरी चालेल. त्या दिवशी उडायला आलेली आठ माणसं माझ्यावर चिडून, पण आपापल्या पायांनी चालत घरी गेली."