तोंडात प्लेट आणि लग्नाची बोलणी

आधी तो चहा संपवा बघू. मागाहून ठसका लागला तर मी जबाबदार नाही! कारण आता सांगतोय ती फजिती माझ्या तोंडाने केलेली नाही, माझ्या तोंडातच झालेली आहे.

मी आचऱ्याला हायस्कुलात मराठी शिकवतो. गावात सत्कार असो की शोकसभा, माईक माझ्याच हातात. एकदा कुणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवला आणि मी हादरलो. वरचे पुढचे दात माझ्याआधीच श्रोत्यांना भेटायला निघालेले, आणि मधली फट अशी, की त्यातून एसटी वळवून घ्यावी!

झालं. कणकवलीला दातांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी मापं घेतली आणि पुढच्या खेपेला एक गुलाबी प्लास्टिकची प्लेट टाळूला बसवली. तिची एक तार दातांवरून फिरवलेली.

"जेवताना आणि ब्रश करताना काढायची, बाकी सगळा वेळ तोंडात हवी," बाई म्हणाल्या. "मी हळूहळू तार आवळत जाईन, दात मागे येतील. पण प्लेट काढून ठेवलीत तर दात काही जागचे हलणार नाहीत."

"थमजलं," मी म्हणालो.

थमजलं? माझा 'स' कुठे गेला? त्यात तोंडात लाळ अशी, जणू विहिरीला झरा लागलाय!

"होईल सवय," बाई हसून म्हणाल्या.

होईल हो! पण दुसऱ्याच दिवशी तळेऱ्याला भाचीच्या लग्नाची बोलणी होती, त्याचं काय?

भावोजी नाहीत, त्यामुळे ताईची सगळी भिस्त माझ्यावर. भाची मनाली कणकवलीला लॅबमध्ये नोकरी करते. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. प्रश्न उरले होते दोनच. लग्न ताईला हवं तसं आमच्या आचऱ्याला करायचं की मुलाकडच्यांच्या तळेऱ्याला, आणि मनालीने नोकरी ठेवायची की सोडायची.

"भाऊ, तूच बोल," ताईने आधीच बजावलेलं. "तुझ्या तोंडासमोर कोण टिकूचो नाय!"

आता तिला कसं सांगू, की त्या तोंडाला टाळं लागलंय? पंचेचाळिशीत दात सरळ करायला निघालेला मामा म्हणून सोयऱ्यांत हसं नको. मी ठरवलं, जेवणापर्यंत प्लेट काढायची नाही आणि तोंड उघडायचं नाही.

बायको म्हणाली, "तुमी आनी गप? आज सूर्य खंय उगवलो?"

ताई, मनाली आणि मी तळेऱ्याला पोचलो, तर मुलाचे वडील, अण्णा, दारातच उभे. "येवा येवा, मामानू! प्रवास बरो झालो मां?"

"हूं."

अण्णा जरा बिचकले. चहा झाला, हवापाणी झालं. मी आपला 'हूं' वर 'हूं'. शेवटी अण्णांनी विषय काढला. "लग्न आमच्या हयसरच करूया म्हणतंय. हॉल जवळ आसा. काय मामानू?"

नेमकी तेव्हाच तोंडात भरती आली! ओठ गच्च मिटून मी मोठा आवंढा गिळायला गेलो आणि मान आपोआप डावीकडे-उजवीकडे हलली.

अण्णांचा चेहरा उतरला. "नाय... म्हणजे... तुमका आचऱ्याक करूचा आसात, तर तसा करूया."

मी चाट! ताईने खुशीत मला कोपराने ढोसलं.

मग मुलाची आई पुढे सरसावली. "आनी चेडवान नोकरी सोडलेली बरी. घराक कोणतरी होया."

मी जिभेने प्लेट वर ढकलत होतो. तार सटकली आणि गालात अशी रुतली की काय सांगू! डोळे लालबुंद झाले आणि मूठ धाडकन गुडघ्यावर आपटली.

"करूंदे, करूंदे!" मुलाची आई घाबरून म्हणाली. "आजकाल सगळीच करतत!"

"काय रे तुझो दरारो, भाऊ!" ताई कानात कुजबुजली.

छाती फुगली हो माझी! आणि तिथेच माती खाल्ली. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं समोर आलं. मी मागच्या दारी हात धुवायला गेलो, प्लेट काढून रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. पानावर बसलो आणि तोंड उघडलं. दीड दिवस तुंबलेलं धरण ते!

"अण्णा, लग्न कुठेही होऊ द्या हो! आचऱ्याला एवढा मोठा हॉल आहे कुठे? पार्किंगची तर बोंबच!"

ताईने पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून लागला.

"आणि नोकरीचं काय घेऊन बसलात? आज आहे, उद्या नाही..."

"मामा!" सोलकढी वाढणारी मनाली थांबलीच. "नोकरी मी सोडूचंय नाय. ह्या मी ह्येंका पयलाच सांगलंय."

"होय, आमचा ठरलाला आसा," पंगतीतून मुलगा म्हणाला. त्याच्या आईने एकदा दोघांकडे पाहिलं. "मी खंय नाय म्हणतंय?"

पोरीने आपलं आपण निभावलं. आचऱ्यातलं लग्न मात्र मी घालवलं. ताई माझ्याकडे अशी बघत होती, की मला दरदरून घाम फुटला. घाम पुसायला रुमाल ओढला, तर प्लेट टुणकन उडून अण्णांच्या पानात, सांबाऱ्याशेजारी!

"ह्या काय, मामानू?"

सांगावंच लागलं सगळं. लाळ, तार, मूठ, सगळं.

"म्हणजे तुमका राग इल्लो नाय?"

"छे हो! बोलताच येत नव्हतं."

अण्णा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खरा सांगू? तुमी गप होतास तवसर माका धडकी भरलेली, केवढो हुशार माणूस इलोहा म्हणान! तुमी बोललास, आनी माझो जीव भांड्यात पडलो."