गॅदरिंगचा माईक

शाळेच्या माळ्यावरून गॅदरिंगच्या पोशाखांची पेटी खाली आली आणि डांबरगोळ्यांचा वास स्टाफरूमभर पसरला. नाशकातली थंडी, दारं-खिडक्या बंद, त्यामुळे तो हटेना. त्या वासानं इतरांना म्हणे बालपण आठवतं. माझं डोकं फिरतं. पेटीच्या तळाशी हिरवी-लाल लुगडी असतात, गुडघ्यापर्यंत नेसवायची, आणि ती नेसवून ज्यांना नाचवायचं त्या मुली आधीच ठरलेल्या असतात.

मी त्यांतलीच. सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यावरून आठवीला इथे आले, वसतिगृहात राहिले. आमच्या वर्गाच्या बाई अतिशय गोड, कुणावर हात न उगारणाऱ्या. मला निवेदन करायचं होतं. न्हाणीघरात रिकाम्या बादलीत तोंड घालून मी 'उपस्थित मान्यवर' घोकायची. आवाज कसा घुमायचा! धीर करून एकदा विचारलं, "बाई, यंदा मी माईकवर बोलू का?" बाईंनी माझा गालगुच्चा घेतला. "अगं वेडे, बोलायला शहरातल्या मुली आहेत ना. नाच तर तुमच्या रक्तातच असतो."

म्हणे रक्तात. माझ्या बापाला लग्नातसुद्धा कधी ताल सापडला नाही. पण मी दरवर्षी नाचले, टाळ्याही पडल्या. त्या बाईंना मी माफ केलेलं नाही, आणि त्या आता हयात नाहीत एवढ्यावरून करणारही नाही. शिव्या देणारा मास्तर परवडला, त्याला मनातल्या मनात तरी शिव्या घालता येतात. गालगुच्चा घेणाऱ्याचं काय करायचं?

पुढे याच शाळेत मीच बाई झाले. मध्यंतरी आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. आपापले पूर्वग्रह ओळखा, म्हणाले. "मी जातपात मानतच नाही," असं म्हणत शेजारच्या सरांनी दुसरा समोसा उचलला. ज्यांनी भोगलंय त्यांनी आणखी काय शोधायचं, असं माझं सरळ मत होतं.

यंदा नववीत पेठकडची, माझ्यासारखीच पाड्यावरची एक मुलगी आहे. निवेदन हीच करणार, असं मी परस्पर जाहीर केलं. "तिचे उच्चार...," एक सहकारी बाई पुटपुटल्या, तर त्यांना असं झापलं की पुन्हा बोलल्या नाहीत. तालीम सुरू झाली. मुलगी माईकसमोर ताठ उभी, नजर सारखी मैदानाच्या कोपऱ्यात, नाचणाऱ्या मुलींकडे.

"इकडे बघ," मी ओरडले. "तुझ्यासाठी भांडलेय मी."

ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, मला नाचायचं हाय. माईकचं भ्या वाटतं."

"नाचबिच काही नाही. तुझं भलं कशात आहे ते तुला कळत नाही."

ती निमूट माईककडे वळली. मला आधी तिचाच संताप आला. माझ्या हट्टाची किंमत नाही या पोरीला. मग हळूहळू तो संताप कुणावर काढावा तेच कळेना. मी तिला माझं अपुरं राहिलेलं काम देऊन टाकलं होतं, तिला काहीएक न विचारता, आणि वर उपकाराची भाषा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. आवाज जमेल तितका मऊ केला. "खरं सांग, तुला काय करायचंय?"

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मला कोणतं उत्तर आवडेल, ते ती शोधत होती. आमच्याकडच्या मुली हे फार लवकर शिकतात. मी तर ते अजूनही विसरलेले नाही.